‘गुण आला’, पण किती जणांपैकी किती जणांस?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हुंडा, शिष्यवृत्ती, संतवाङ्मय अशा विषयांवर अनेक विद्वानांची भाषणे झाली आहेत. आतड्याच्या रोगावर भाषण झाल्याचे आमच्या स्मरणात नाही. चिटणीसांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले, हेही आमच्या नजरेतून सुटले नाही. शौच, रक्त, आव हे शब्द चारचौघांत उच्चारू नयेत असा आपल्याकडे संकेत आहे. तो संकेत आज आम्ही मोडणार आहोत. कारण या संकोचापायी आमच्या घरातील एका मुलीचे पाच महिने वाया गेले, आणि पुढे आमच्या स्वतःच्या चुकीपायी तीस रुग्णालयात पडावे लागले. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. हयातभर मुलांना गणित शिकविलेले शिक्षक आहोत. जे सांगणार आहोत ते वाचून, जाणत्यांस विचारून आणि थोडेबहुत सोसून कळलेले आहे.

चार महिन्यांपूर्वी आमचे धाकटे बंधू हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या थोरल्या कन्येस, म्हणजे आमच्या पुतणीस, सहा वर्षांपासून मोठ्या आतड्याचा विकार आहे. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एका औषधाच्या चाचणीत तू भाग घेशील काय, असे तीस विचारले होते. ते कागद म्हणजे त्या चाचणीचे मराठीत छापलेले संमतिपत्र होते. बंधू म्हणाले, ‘‘दादा, आपल्या पोरीवर प्रयोग करायचा म्हणतात. उंदरावर करतात तसा. नाही म्हणून कळवू ना?’’

या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांस तीन आठवडे लागले. आजचे हे भाषण म्हणजे त्या तीन आठवड्यांचा हिशेब होय, आणि तो पुतणीच्या अनुमतीनेच आपल्यापुढे मांडीत आहोत.

प्रथम रोगाविषयी. आपण खाल्लेले अन्न लहान आतड्यात पचते आणि उरलेल्या चोथ्यातील पाणी मोठे आतडे शोषून घेते. या आतड्याच्या आतील नाजूक अस्तरावर शरीराची स्वतःची संरक्षक व्यवस्थाच उलटते. राखणीस ठेवलेल्या कुत्र्याने घरच्याच माणसांस चावावे तसा हा प्रकार. अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात, रक्त आणि आव पडू लागते. हा दाह मोठ्या आतड्यापुरता व वरवरच्या थरात असला तर डॉक्टर त्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. तोच तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर गेलेला असला, तर क्रोनचा रोग म्हणतात. पहिल्याचे वर्णन लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली केले. दुसऱ्यास न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांचे नाव मिळाले. त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. क्रोनचा रोग आणि आतड्याचा क्षय यांचे रूप इतके सारखे असते की, क्षय सर्वत्र असलेल्या आपल्या देशात तज्ज्ञांचीही त्यात फसगत होते. तो स्वतंत्र विषय आहे. आमच्या घरी आलेला पाहुणा पहिल्या प्रकारचा होता.

हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. अनुवंश, आतड्यातील जंतू आणि आहारविहार यांचा त्यात हात असतो, परंतु अमुक एकच कारण असे बोट ठेवता येत नाही. आणि याचा एक स्वभाव फार फसवा आहे. जायकवाडीच्या कालव्याचे आवर्तन जसे सुटते आणि बंद होते, तसा हा रोग उसळतो आणि आपोआप निवतोही. कालवा बंद झाला म्हणजे धरण आटले असे कोणी शेतकरी समजत नाही. रोगाच्या बाबतीत मात्र आपण तसे समजतो. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व हिशेब तिच्यावरच उभा आहे.

असे रुग्ण किती असतात? लुधियानाचे डॉ. अजित सूद व त्यांचे सहकारी यांनी पंजाबात घरोघर पाहणी करून तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. ५१,९१० माणसांत त्यांस या विकाराचे २३ रुग्ण आढळले. म्हणजे सुमारे सव्वादोन हजारांत एक. मराठवाड्याचे प्रमाण तंतोतंत तेच असेल असे नव्हे. तथापि आपल्या मंडळाच्या कुटुंब-सूचीत सहस्रावधी नावे आहेत, तेव्हा त्यांत काही रुग्ण असणारच. ते कोण हे आपणांस ठाऊक नाही, कारण ते सांगत नाहीत.

आमच्या पुतणीनेही सांगितले नाही. त्या वेळी ती बावीस वर्षांची होती, महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात. शौचावाटे रक्त जाते हे तिने पाच महिने आईपासूनही लपविले. मग आईस कळले आणि आईने शेजारणीस विचारले. मूळव्याध ठरली. सुरण, ताक, मलम, इसबगोल सर्व झाले. वजन नऊ किलोंनी उतरले आणि मुलगी जिना चढताना बसू लागली, तेव्हा कोठे दुर्बीण घालून तपासणी झाली, आतड्याचा तुकडा काढून पाहिला गेला आणि रोगाचे खरे नाव कळले. प्रथम स्टेरॉइडच्या गोळ्या, त्या हळूहळू कमी करून पुढे मेसॅलामिन नावाच्या गोळ्या नित्य, असा उपचार ठरला. दोन महिन्यांत मुलगी पूर्ववत झाली. दोन वर्षे सुखाची गेली.

आता आमचा अपराध. आमचे एक जुने स्नेही आहेत. त्यांनी एका गावाहून आणलेले चूर्ण आम्हांस दिले आणि सांगितले, ‘‘आमच्या साडूला याने गुण आला, सगळ्या गोळ्या सुटल्या.’’ आम्ही ते चूर्ण स्वतः बंधूंच्या घरी नेले. पुतणीस म्हणालो, ‘‘बाळ, आता तू बरी आहेस. या उग्र गोळ्या जन्मभर का घ्यायच्या?’’ ती आमचा शब्द मोडीत नाही. तिने गोळ्या सोडल्या. तीन महिने काही झाले नाही, आणि आम्ही ते चूर्ण आणखी दोघांस सुचविलेही! चौथ्या महिन्यात एका आठवड्यात तिची दशा अशी झाली की, दिवसातून बारा-बारा वेळा रक्त पडू लागले. अकरा दिवस रुग्णालय, दोन बाटल्या रक्त. चूर्णाने अपाय केला असे आमचे म्हणणे नाही. त्यात काय होते हेच आम्हांस ठाऊक नव्हते. अपाय गोळ्या बंद केल्याने झाला, आणि त्या आमच्या सांगण्यावरून बंद झाल्या.

रुग्णालयाच्या बाकावर बसलो असता आमच्या मनात एकच विचार येत होता. हयातभर आम्ही मुलांना अपूर्णांक शिकविले. अंश सांगितला आणि छेद सांगितला नाही, तर ते उत्तर आम्ही चूक धरीत असू. स्नेह्यांनी आम्हांस अंश सांगितला: एका साडूस गुण आला. किती जणांपैकी एकास, हा छेद आम्ही विचारला नाही. आणि ज्यांनी ते चूर्ण घेतलेच नाही त्यांपैकी कितीजण त्याच काळात आपोआप बरे झाले, हा दुसरा प्रश्न तर आमच्या स्वप्नातही आला नाही.

हा दुसरा प्रश्न या रोगाच्या बाबतीत पद्धतशीर रीतीने विचारला गेला तो इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथील सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स या डॉक्टरांकडून. त्यांचा अंतिम अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे आपण ज्यास घाटी म्हणतो ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या शहरात स्थापन होण्याच्या आदल्या वर्षी. तेव्हा कॉर्टिसोन हे औषध नवे होते आणि त्याची मोठी वाहवा चालू होती. या दोघांनी २१० रुग्ण घेतले. कोणास कॉर्टिसोन द्यावयाचे आणि कोणास तशीच दिसणारी निरुपद्रवी, बनावट गोळी द्यावयाची, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोडले. याचे कारण उघड आहे. डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले असते, तर आशा असलेला रुग्ण नव्या औषधाकडे गेला असता आणि खंगलेला दुसरीकडे, आणि निकाल आधीच ठरला असता.

सहा आठवड्यांनंतर कॉर्टिसोन घेणाऱ्या १०९ जणांत शेकडा ४१ जणांचा रोग शमला. बनावट गोळी घेणाऱ्या १०१ जणांत शेकडा १६ जणांचा शमला. कॉर्टिसोन उपयोगी ठरले, यात शंका नाही. परंतु आमचे लक्ष खिळले ते त्या सोळांवर. पिठाच्या गोळीने रोग शमत नाही. तो त्याच्या स्वभावानुसार शमला. पाट बंद होण्याची वेळ आली म्हणून पाट बंद झाला.

आता यापुढील गंमत पाहा. ५४ वर्षांनी, २००९ साली, आपल्याच देशातील एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीही डॉ. सूद व त्यांच्या सहकाऱ्यांचीच. दह्याताकातील उपकारक जंतूंच्या कुळातील आठ प्रकारांचे मिश्रण मोठ्या मात्रेत देऊन पाहिले. रुग्ण १४७, मुदत १२ आठवडे. मिश्रण घेणाऱ्यांत शेकडा सुमारे ४३ जणांचा रोग शमला आणि बनावट पूड घेणाऱ्यांत शेकडा सुमारे १६ जणांचा. ऑक्सफर्डचे ते सोळा आणि हिंदुस्थानातील हे सोळा! रुग्णांची अवस्था निराळी, मुदत निराळी, ‘शमला’ कशास म्हणावे याची व्याख्याही निराळी, तेव्हा या दोन आकड्यांची बरोबरी करणे शास्त्रशुद्ध नव्हे, हे आम्ही जाणतो. आणि हे जंतूंचे मिश्रण कॉर्टिसोनइतके गुणकारी, असाही अर्थ कोणी काढू नये. परंतु शिक्षकाच्या डोळ्यांना असे आकडे शेजारी दिसले की राहवत नाही.

आमचे स्नेही आपले चूर्ण शंभर जणांस देतील, आणि त्या चूर्णात नुसती मुलतानी माती असली, तरी पंधरा-सोळा जण पेढे घेऊन त्यांच्या दारी येतील. उरलेले चौऱ्याऐंशी येत नाहीत. ते दुसऱ्या गावच्या दुसऱ्या चूर्णाकडे जातात. म्हणून प्रत्येक औषध देणाऱ्याचा अनुभव खरा असतो, तो खोटे बोलत नाही, आणि तरीही त्याच्या अनुभवातून काही सिद्ध होत नाही.

पुतणीच्या बाबतीत आमची जी चूक झाली, तिचे उत्तर तर १९७३ सालीच देऊन ठेवलेले होते. ते आम्ही वाचले तेव्हा अक्षरशः मान खाली गेली. सल्फासालाझिन हे औषध स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ या विदुषींनी सांधेदुखीसाठी तयार करविले आणि ते आतड्याच्या या रोगावर चालते असे त्यांस १९४० च्या सुमारास आढळले. रोग शमल्यावरही ते चालू ठेवावे काय, हा प्रश्न होता. दिसनायके आणि ट्रूलव्ह यांनी ६४ रुग्ण असे निवडले की जे या औषधावर दीर्घकाळ अगदी ठणठणीत होते. निम्म्यांचे औषध चालू ठेवले. निम्म्यांस न कळता बनावट गोळ्या दिल्या. सहा महिन्यांत बनावट गोळ्यांच्या गटात रोग उलटण्याचे प्रमाण चौपटीहून अधिक झाले. ‘आता तू बरी आहेस, गोळ्या कशाला’ या आमच्या वाक्याचे यथातथ्य माप त्या ६४ माणसांनी काढून ठेवले होते. ती माणसे कोण होती ते जगास माहीत नाही. त्यांतील ज्यांस बनावट गोळी मिळाली, त्यांतल्या अनेकांस पुन्हा रक्त पडले, आणि त्या रक्ताच्या किमतीवर पुढच्या लाखोंना कळले की गोळी सोडू नये.

या सल्फासालाझिनची आणखी एक कथा आहे आणि तीत आपल्या उपखंडाचा मान आहे. हे औषध दोन पदार्थांचे जोडलेले रूप. मोठ्या आतड्यातील जंतू ती जोडणी तोडतात. दोहोंपैकी गुण कशाचा? ऑक्सफर्डला असलेल्या डॉ. आझाद खान या आजच्या बांगलादेशाच्या सुपुत्राने ट्रूलव्ह यांच्यासमवेत तो प्रश्न १९७७ साली सोडविला. त्यांनी मूळ औषध आणि त्याचे दोन भाग वेगवेगळ्या रुग्णांस बस्तीवाटे दिले. रुग्ण सारे बासष्ट. गुण एकाच भागात निघाला आणि अंगावर पुरळ येणे, मळमळणे हा त्रास बहुतांशी दुसऱ्याचा. तो गुणाचा भाग म्हणजेच आमची पुतणी आज घेते ते मेसॅलामिन होय. इतकी साधी युक्ती! दोन मुलांनी मिळून केलेले उदाहरण बरोबर आले, तर दोघांस वेगवेगळ्या बाकांवर बसवून ते पुन्हा करावयास सांगावे, हे कोणाही शिक्षकास सुचते. डॉ. आझाद खान पुढे ढाक्यास परतले आणि मधुमेहाच्या क्षेत्रात त्यांनी मोठी संस्था सांभाळली.

आता हळद. हा विषय टाळता येणार नाही, कारण आमची पुतणी आजारी पडल्याचे कळताच ज्या ज्या मावश्या, काकू, आत्या समाचारास आल्या, त्यांतील प्रत्येकीने दुधातून हळद देण्यास सांगितले. आपल्या मराठवाड्यात हिंगोली-वसमतकडे उत्तम हळद पिकते, तेव्हा मायेबरोबर पुड्याही आल्या. हळदीचा आम्हांस अभिमान आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेत १९९५ साली तेथील एका विद्यापीठास मिळाले होते. तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे महासंचालक आणि गोमंतकात जन्मलेले मराठी शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत, जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ साली ते रद्द करविले, हे आपण जाणताच. परंतु हळद आपली आहे हे सिद्ध होणे आणि ती या रोगावर चालते हे सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सुदैवाने हळदीचीही परीक्षा झालेली आहे. तिच्यातील पिवळ्या सत्त्वास कुर्कुमिन म्हणतात. जपानात २००६ साली ८९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. रोग शमलेला, नेहमीची गोळी चालूच, तिच्या जोडीस रोज दोन ग्रॅम कुर्कुमिन किंवा बनावट गोळी. सहा महिन्यांत कुर्कुमिनच्या ४३ पैकी दोघांचा रोग उलटला, बनावट गोळीच्या ३९ पैकी आठांचा. २०१५ साली दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत मेसॅलामिनच्या जोडीस रोज तीन ग्रॅम कुर्कुमिन दिले असता महिन्याभरात २६ पैकी १४ जणांचा रोग शमला आणि बनावट गोळीवर २४ पैकी एकाचाही नाही. हे वाचून आमची काकूमंडळी हर्षित होईल, पण थांबावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ६२ रुग्णांच्या चाचणीत रोज ४५० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमाहूनही कमी कुर्कुमिन देऊन पाहिले. २०१७ साली निकाल आला: बनावट गोळीहून अधिक काही साधले नाही.

येथे आमचे गणित कामास आले. हळदीच्या पुडीत कुर्कुमिन ढोबळ मानाने शेकडा तीन भाग धरावे. मग तीन ग्रॅम कुर्कुमिनसाठी हळद किती लागेल? शंभर ग्रॅम, आणि तीही रोज! एक चमचा हळद घातलेल्या दुधात जेमतेम दिल्लीतल्या त्या निष्फळ मात्रेच्या पंचमांशाइतके सत्त्व असेल. दूध मायेने द्यावे, औषध म्हणून देऊ नये. बाजारात मिळणाऱ्या तीव्र सत्त्वाच्या गोळ्या मनाने घेणेही धोक्याचे आहे. अशा गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याची प्रकरणे अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदविली आहेत. आणि जपानातील काय किंवा २०१५ मधील काय, दोन्ही चाचण्यांत नेहमीची गोळी चालूच होती, हे विसरू नये.

यापुढील चाचणी सांगताना श्रोत्यांनी नाक मुरडू नये अशी विनंती आहे. दिल्लीच्या त्याच संस्थेतील डॉ. सौरभ केडिया, डॉ. विनीत आहुजा प्रभृतींनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत खेड्यांतील निरोगी माणसांच्या मळातील जंतूंचा समुदाय शुद्ध करून दुर्बिणीवाटे रुग्णांच्या मोठ्या आतड्यात सोडला. आठवड्यास एकदा, असे सात वेळा. त्याबरोबर आहारही बदलला. दुधाचे पदार्थ, शुद्ध साखर आणि कारखान्यात रसायने घालून केलेले खाद्य वर्ज्य. रुग्ण ६६. आठ आठवड्यांनी या गटात शेकडा ६० जणांचा रोग शमला, नेहमीच्या उपचारांच्या गटात शेकडा ३२ जणांचा. आणि नेहमीच्या औषधांसह तो आहार चालू ठेवून वर्षभराने पाहिले, तेव्हाही पहिल्या गटातील शेकडा २५ जणांचे आतडे आतून निरोगी होते, दुसऱ्यात एकाचेही नाही. यात एक उणे आहे. आपणांस काय मिळत आहे हे रुग्णांस ठाऊक होते; आहार काही झाकून ठेवता येत नाही. म्हणून हा निकाल आशेचा मानावा, अखेरचा मानू नये. शहरात आलेल्या आपल्या मुलांनी खेड्याकडून काय काय आणावयाचे राहिले, याची ही यादी मात्र आमच्या कल्पनेपलीकडची आहे.

एक अत्यंत उपयोगाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली रोगाचा उग्र झटका ओळखण्याची जी खूण बांधून दिली, ती आजही डॉक्टर वापरतात. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि त्याबरोबर ताप किंवा मिनिटास नव्वदाहून अधिक नाडी किंवा रक्ताची मोठी घट: असे दिसले की घरी बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा झटक्यात शिरेतून स्टेरॉइड देतात. त्याने न भागल्यास आणखी प्रभावी औषधे, आणि तेही न चालल्यास शस्त्रक्रिया करून मोठे आतडे काढावे लागते. याही बाबतीत लुधियानाच्या डॉक्टरांनी २०२४ साली चाचणी प्रसिद्ध केली. स्टेरॉइडच्या जोडीस टोफॅसिटिनिब ही गोळी दिली असता सातव्या दिवशी ५३ पैकी ४४ जणांस उतार पडला, बनावट गोळीवर ५१ पैकी ३० जणांस. आमची पुतणी त्या अकरा दिवसांत नुसत्या स्टेरॉइडवर सावरली. ती त्या तिसांच्या गणतीतली म्हणावयाची, एकविसांतली नव्हे. परमेश्वराची कृपा.

आता बंधूंचा प्रश्न. ते चौदा पानांचे संमतिपत्र आम्ही पुतणीस समोर बसवून मोठ्याने वाचले. पाचव्या पानावर लिहिले होते की, चालू गोळ्या बंद होणार नाहीत. त्यांच्या जोडीस एकतर नवे औषध मिळेल किंवा बनावट गोळी, आणि कोणास काय हे संगणक ठरवील. १९७३ च्या चाचणीत चांगले चालणारे औषध काढून घेतले होते. येथे तसे नव्हते. कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडण्याची मोकळीक होती, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांस बाध येणार नव्हता. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई, हे २०१९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे बंधनकारकच आहे. अशा प्रत्येक चाचणीस नीतिसमितीची मान्यता लागते. त्या समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा एक, एक तरी स्त्री आणि एक साधा नागरिक असावा लागतो. आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकासही तेथे बसता येते, हे वाचून आम्ही काहीसे ताठ बसलो. औषधाच्या चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंद करणे जून २००९ पासून सक्तीचे आहे आणि ती नोंदवही कोणासही पाहता येते. पुतणीने भ्रमणध्वनीवर ती तेथल्या तेथे उघडून दाखविली. उंदरास यांतले काहीही वाचून दाखवीत नाहीत, हे आम्ही बंधूंच्या निदर्शनास आणले.

मग पुतणीने डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न वहीत लिहून काढले. बनावट गोळीच्या गटात आजार वाढला तर कोण ठरविणार आणि किती दिवसांत? दुर्बिणीची तपासणी किती वेळा, आणि तिचा खर्च कोणाचा? चाचणी संपल्यावर औषध लागू पडलेले असले तर ते पुढे मिळेल काय? आणि शेवटचा प्रश्न तिने आमच्यापासून वही झाकून लिहिला, मग आपणच वाचून दाखविला: या काळात लग्न ठरले तर?

त्या प्रश्नाशी आम्ही अडलो, आणि मंडळींनो, तेथे आपण सर्वच अडतो. आपल्या या स्मरणिकेच्या मागील पानांवर विवाहेच्छू वधूवरांची माहिती छापलेली असते. उंची, वर्ण, नाडी, गण, नोकरी, अपेक्षा. या मुलीची माहिती तीन वर्षे त्यांत येत आहे, आणि आजाराचा उल्लेख तीत नाही. आम्हीच तो गाळला. दोन ठिकाणी गोष्ट पुढे गेली. दोन्हीकडे तिने स्वतः खरे सांगितले आणि दोन्हीकडून पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. आधी ती जुळली होती. आम्ही त्या घरांस दोष देत नाही. त्यांस जे कोणी सांगितले नव्हते, ते त्यांस कसे ठाऊक असावे? हा रोग असलेल्या स्त्रिया संसार करतात. रोग शमलेला असताना दिवस राहिले तर बहुतेकींची प्रसूती सुखरूप होते, आणि मेसॅलामिन गरोदरपणातही डॉक्टर चालू ठेवतात. उलट आमच्यासारख्या शहाण्याचे ऐकून ते सोडणे आईस आणि बाळास धोक्याचे. आईबापांचा रोग मुलांत येण्याचा संभव इतरांहून अधिक असतो खरा, परंतु बहुतेक मुलांस तो होत नाही. या वर्षीच्या पानावर तिने आपली माहिती आपणच लिहून दिली आहे. संपादक मंडळींनी एक ओळ वगळावी काय म्हणून आम्हांस विचारले; आम्ही त्यांस तिच्याकडे पाठविले, आणि ती ओळ तशीच छापली आहे.

डॉक्टरांनी तिच्या प्रश्नांची उत्तरे पाऊण तास बसून दिली. लग्नाच्या प्रश्नावर ते म्हणाले की चाचणीच्या मुदतीत गर्भधारणा टाळावी लागेल, लग्न टाळावे लागणार नाही. घरी आल्यावर बंधूंनी पुन्हा विचारले, ‘‘दादा, तुमचे काय म्हणणे?’’ आम्ही म्हणालो, एकदा आमचे म्हणणे ऐकून काय झाले ते आपण पाहिले आहे, तीस विचारा. तीन दिवसांनी तिने सही केली. साक्षीदाराच्या जागी आम्ही केली.

आज त्या गोष्टीस अकरा आठवडे झाले. दर सकाळी ती आपल्या नेहमीच्या गोळ्या घेते आणि त्यांबरोबर पांढऱ्या डबीतील एक. त्या डबीत औषध आहे की पीठ, हे तीस ठाऊक नाही, तिच्या डॉक्टरांस ठाऊक नाही आणि आम्हांसही नाही. गेल्या रविवारी ती आमच्याकडे जेवावयास आली होती. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘काय गं, गुण वाटतो का?’’ ती हसून म्हणाली, ‘‘काकू, बरं वाटतंय. पण कशानं, ते पाकीट फोडतील तेव्हा सांगते.’’